उजवीकडची जागा

१

चांद्या गेल्याला नऊ दिवस झाले होते, तरी उकंडा सकाळी बैलांच्या कोठ्याकडे निघाला की दोन्ही हातांत चाऱ्याच्या कुटाराची दोन टोपली असायची. दारात आल्यावर त्याच्या लक्षात यायचं. मग एक टोपलं तो परत ढिगावर उलटं करायचा आणि दुसरं आत न्यायचा.

त्याचं वावर नदीकाठी होतं, गावापासून दीड कोसावर. पैनगंगेच्या अलीकडे झरी जामणी तालुका, पलीकडे तेलंगणा. बायको रुख्मा चार वर्षांमागे गेली आणि पोरगी प्रियंका महागावला दिलेली, तेव्हापासून गावातल्या घराला कुलूप लावून उकंडा वावरातच राहायला आला होता. एक खोली, तिला लागून कोठा, कोठ्यात दोन बैल. चांद्या पांढरा, कपाळावर राखाडी चांद असलेला. लाख्या तांबडा. आठ वर्षं दोघं एकाच जुवाखाली चालले. लाख्या डावीकडे, चांद्या उजवीकडे. कोठ्यातही तसेच, वावरातही तसेच.

त्या साली ढोरांची लम्पी दुसऱ्यांदा आली. पलीकडून आली असं अलीकडचे म्हणत, अलीकडून आली असं पलीकडचे. बैलबाजार बंद झाला, पुलावर पहाऱ्याला माणसं बसली, जनावर हलवायचं नाही असा हुकूम निघाला. चांद्याच्या मानेवर आधी सुपारीएवढी एक गाठ दिसली. चौथ्या दिवशी अंगभर गाठी होत्या, पाय सुजून खांबासारखे झाले होते. अकराव्या दिवशी दुपारी त्याने मान जमिनीला टेकवली ती उचलली नाही. पंचायतीने खड्डा खणायचं मशीन पाठवलं. नदीकडच्या बाभळीजवळ खोल खड्डा झाला, त्यात चुना आणि मीठ टाकून चांद्याला लोटलं, वर माती ओढली. मशीनवाला तोंडाला रुमाल बांधून होता. काम झाल्यावर तो चहालासुद्धा थांबला नाही.

लाख्याला काहीच झालं नाही. पण गावातल्या लोकांनी निरोप धाडला, की बैल नाल्यावर पाण्याला आणू नका, आणि तुम्हीही जरा दिवस इकडे येऊ नका.

तर त्या नवव्या दिवशी उकंडाने एक टोपलं आत नेलं आणि गव्हाणीच्या डाव्या बाजूला ओतलं. गव्हाण सिमेंटची, लांबलचक, दोन्ही बैलांना मिळून एक. उजव्या अर्ध्या भागात काही टाकायचा प्रश्नच नव्हता. तिथे इतक्या दिवसांचा भुसा आणि कोळिष्टकं साचलेली त्याने आदल्या दिवशीच पाहिली होती.

आज तो भाग स्वच्छ होता. कोपऱ्यापर्यंत चाटून काढलेला आणि अजून ओला.

उकंडाने लाख्याचं दावं हातात धरून ताणून पाहिलं. उजव्या भागापर्यंत लाख्याचं तोंड पोचायला हातभर कमी पडत होतं.

२

उकंडाचा बाप छप्पन सालच्या दीक्षेला नागपूरला पायी गेलेला माणूस. परत आला तो घरातले सगळे देव टोपल्यात घालून नदीत सोडून आला, आणि पोरांना एक गोष्ट त्याने घोकून घेतली: जे पाहिलं नाही ते मानायचं नाही, आणि जे पाहिलं तेही दोनदा पाहायचं. आजूबाजूच्या लोकांना काही झालं की ते भगताकडे जात, अंगारा आणत. उकंडाकडे तसं काही नव्हतं. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्या दोघांनीही असल्या गोष्टींसाठी कुणाला कधी उंबरा झिजवू दिला नव्हता.

म्हणून त्याने दोनदा पाहायचं ठरवलं.

रोही, नीलगाय असेल, असं त्याला वाटलं. नाहीतर कुणाचं मोकाट सुटलेलं ढोर. त्याने कोठ्याच्या दाराला आडवे बांबू बांधले, भिंतीतलं भोक दगडांनी बुजवलं. दुसऱ्या दिवशी बांबू होते तसे होते आणि गव्हाण ओली होती.

मग त्याने मुद्दाम दुपारची वेळ धरली. ऊन पत्र्यावर तापत होतं. त्याने दोन्ही बाजूंना कुटार टाकलं आणि उंबऱ्यावर पाय सोडून बसला. लाख्या त्याच्यासमोर, डाव्या भिंतीला खेटून उभा. चांद्या गेल्यापासून तो तसाच उभा राहायचा, उजवीकडची जागा रिकामी ठेवून. उकंडा ते पाहायचा आणि त्याला वाटायचं: मुकं जनावर, पण जोडीदाराची जागा सोडून उभं राहतं.

बऱ्याच वेळाने खाण्याचा आवाज सुरू झाला. कडक काड्या दाढेखाली मोडतात तो. हा आवाज उकंडा जन्मापासून ऐकत आला होता. रात्री हा आवाज येत असला की झोप लागायची. तो ऐकता ऐकता त्याचे डोळे मिटायला आले, आणि मग त्याने लाख्याकडे पाहिलं.

लाख्याचं तोंड हलत नव्हतं. तो भिंतीकडे पाहत होता. कान मागे पडलेले.

आवाज चालूच होता.

उकंडा उठला नाही. उजवीकडच्या अंधाऱ्या भागात त्याने नीट पाहिलं. भिंत, खुंटा, खुंट्याला गुंडाळून ठेवलेलं चांद्याचं दावं. दुसरं काही नव्हतं. कुटाराचा ढीग मात्र पाहता पाहता एका अंगाने खचत होता, जसा तोंड घातल्यावर खचतो.

घाबरायला पाहिजे, असं त्याला वाटलं. पण आधी जे आलं ते वेगळंच होतं. चार वर्षांत त्या खोलीत कुणी परतून आलं नव्हतं. रुख्मा आली नाही. तिची पाटी, तिचा विळा, तिची चुंबळ, सगळं होतं तिथेच होतं, पण ती आली नाही.

"चांद्या," तो हळूच म्हणाला. "खा बापा. खाऊन घे."

दुसऱ्या दिवसापासून त्याने दुसरं टोपलं ढिगावर परत टाकणं बंद केलं.

३

त्या दिवसांत त्याच्याशी बोलणारी एकच बाई होती. कौसल्या. तिचं वावर धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून होतं. नवरा गेलेली, पन्नाशीची, सहा-सात बकऱ्या राखायची. लम्पी बकऱ्यांना होत नाही हे डॉक्टरांनी तिला तीनदा सांगितलं होतं, तरी ती धुरा ओलांडत नसे. पीठमीठ काही आणलं तर धुऱ्यावरच्या दगडावर ठेवायची, चार पावलं मागे सरायची, आणि तिथूनच बोलायची.

"पल्याडचा गोविंदा दिसला का हो उकंडाभाऊ?" तिने एका सकाळी विचारलं.

गोविंदाचं वावर नदीच्या त्या काठावर. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याला आलं की तो आपली जोडी घेऊन अलीकडे यायचा, उकंडा पलीकडे जायचा, एकमेकांचं वखरण उरकायचे. लम्पी आल्यापासून तो त्या काठावरून फक्त हात हलवायचा.

"परवा दिसलता," उकंडा म्हणाला. "हात नाई हालवला."

"त्याचे दोन्ही गेले म्हंतात." ती जरा थांबली. "अन् तुमचा लाख्या काहून इतका उतरला? इथून फासोळ्या मोजता येतात."

उकंडाने वळून पाहिलं. लाख्या दारात उभा होता. रोज समोर असणारं जनावर रोज थोडं थोडं वाळत गेलं की डोळ्याला कळत नाही. आता कळलं. पाठीचा कणा वर आला होता. मांड्या आत गेल्या होत्या.

"जोडीदार गेला ना बाई. मनाले लावून घेतलं त्यानं."

"खाऊन राह्यला का पन?"

"गव्हान तं साफ असते," उकंडा म्हणाला. बोलून झाल्यावर ते वाक्य त्याच्याच कानात जरा वेळ राहिलं.

त्याने तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर उर्वशी मडावी गाडीवर आली. चांद्याला शेवटची सुई तिनेच दिली होती. पोरगी तरणी, पण जनावराच्या अंगावर हात ठेवायची पद्धत जुन्या माणसासारखी होती. तिने लाख्याचा ताप पाहिला, कातडी चाचपली, पापण्या उलटून पाहिल्या.

"काका, याला लम्पी नाहीये. गाठ नाही, ताप नाही. पण हा उपाशी आहे."

"दोन येळा खाते म्याडम. एक काडी उरत नाई."

तिने गव्हाणीकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. उजव्या बाजूला ती वाकली. तिथली माती खुरांनी तुडवून मऊ झाली होती, शेणाचा ताजा पो पडला होता.

"इथे कोण बांधता?"

"कोनीच नाई."

"मग हे?"

उकंडाने तिच्या हातावर पाणी ओतलं. तिने हात धुतले, टॉनिकची बाटली दिली, आणि जाताना विचारलं, "खड्डा कुत्र्यांनी उकरला नाही ना? एकदा बघून घ्या."

ती गेल्यावर तो बाभळीजवळ जाऊन आला. खड्ड्यावर हिरवं गवत तरारून आलं होतं. माती कुठेही हललेली नव्हती.

४

लाख्याच्या अंगावर मांस आणायचं म्हणून उकंडाने सरकीची ढेप भिजत घातली. घमेलंभर ढेप त्याने गव्हाणीच्या डाव्या बाजूला ठेवली, उजवीकडे नेहमीचं कुटार. चांद्याने ढेपेला जन्मात तोंड लावलं नव्हतं. गोऱ्हा होता तेव्हापासून वास आला की मान फिरवायचा, फुरफुरायचा. रुख्मा हसायची, म्हणायची, गरिबाघरचा बैल, याला साधंच लागते.

उजाडता उजाडता तो कोठ्यात गेला तेव्हा ढेपेचं घमेलं उजव्या बाजूला होतं. रिकामं. कुटार तसंच पडलेलं.

उकंडा बराच वेळ त्या घमेल्याकडे पाहत उभा राहिला. घमेलं आपोआप सरकत नाही. ढेप चांद्या खात नाही. या दोन गोष्टी त्याने बापाच्या शिकवणीप्रमाणे दोनदा तपासल्या, आणि दोन्ही वेळा तिथेच येऊन थांबला.

मग त्याने लाख्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, कदाचित वीस दिवसांत पहिल्यांदा.

लाख्या डाव्या भिंतीला खेटून होता. दावं इतकं ताणलेलं की खुंटा कलला होता. वेसणीखाली नाकपुडी फाटून रक्त वाळलं होतं. भिंतीचा गिलावा त्याच्या अंगाने घासून पडला होता, आणि त्या जागी तांबडे केस चिकटले होते. डोळे मोठे झालेले, आणि ते उजवीकडे वळायचं टाळत होते.

तो जोडीदाराची जागा सोडून उभा नव्हता. तो जितकं लांब जाता येईल तितकं लांब उभा होता.

आणि उकंडा रोज दोन वेळा टोपलं भरून आणत होता. नाव घेऊन खाऊ घालत होता.

त्याने लाख्याचं दावं सोडून त्याला बाहेर काढलं. बाहेर उन्हात आल्यावर लाख्याने अंग झाडलं आणि मोठा श्वास सोडला. उकंडा मागे पाहणार नव्हता, पण दारातून निघताना पाहिलं गेलं. चांद्याचं दावं खुंट्याला गुंडाळलेलं असायचं. आता ते सुटून थोडं जमिनीवर पडलं होतं, पण त्याचा फास खाली नव्हता. तो गोल होता, कुणाच्या गळ्यात असल्यासारखा हवेत, जवळजवळ उकंडाच्या डोक्याइतका वर. चांद्याची मान तिथवर कधीच येत नव्हती.

५

तो लाख्याला घेऊन निघाला. कुठे, ते त्याने ठरवलं नव्हतं. महागाव लांब होतं, पण मुकुटबनच्या रस्त्याला लागावं, कुणाचा टेम्पो मिळतो का पाहावं, असं काहीतरी मनात होतं. तिठ्यावर चौकी होती. खुर्चीत बसलेला माणूस वयस्कर होता, बोलायला वाईट नव्हता.

"बाबा, कुठं नेता बैल?"

"पोरीकडं."

"जनावर हलवायची मनाई हाय ना. लम्पीचं घर तुमचं." त्याने लाख्याकडे पाहिलं. "म्या सोडलं, तं पुढचा अडवन. परत जा. इथं सावलीत बसा जराशी अन् मंग जा."

उकंडा सावलीत बसला नाही. तो गावाकडे वळला. वेशीपाशी धावजी राठोड भेटला. धावजी आणि तो एका वर्गात होते, दोघांनी मिळून शाळा सोडली होती.

"एक महिना ठेवून घे धावजी. तुह्या वावरात, लांब बांध."

"काहून? तुह्याकडं काय झालं?"

काय सांगणार होता. "तिथं खात नाई तो."

धावजीने तंबाखू मळली, पण चिमूट पुढे केली नाही. "उकंडा, तुह्यं दुःख मले समजते. पन माह्याकडं चार जनावरं हायत. माही सून म्हनन का बुढ्यानं रोग घरी आनला." तो खाली पाहत बोलत होता. "तू सोता ये, राह्य. बैल नको आनू."

"तो एकटा कसा राहीन?"

"मंग मी काय सांगू भाऊ."

दुपार कलली तसे दोघं परत निघाले. रस्ता मोकळा होता, दोन्ही अंगांनी कपाशीची पऱ्हाटी. पऱ्हाटीत गुडघ्याइतकं तण माजलेलं. उकंडाचं वावर तर त्याहून वाईट झालं होतं. ओळींमधलं तण काढायचा डवरा एका बैलावर चालत नाही, आणि उसना बैल कुणी देईना.

चालता चालता त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तो लाख्याच्या उजव्या बाजूने चालत होता, अंगाला अंग लावून, आणि लाख्या शांत होता. रस्त्याकडेच्या गवताचे लचके तोडत होता. इतक्या दिवसांनी त्याच्या दाढांचा आवाज येत होता. उकंडाने मुद्दाम मागे राहून पाहिलं. लगेच लाख्याची मान ताठ झाली, पाय अडखळले, आणि तो डाव्या बाजूने पऱ्हाटीत घुसायला लागला. उकंडा धावत त्याच्या उजवीकडे आला. लाख्या थांबला.

म्हणजे ते कोठ्यात मागे राहिलं नव्हतं. लाख्याच्या उजवीकडे मोकळी जागा असली की झालं.

पुढचे तीन दिवस उकंडा त्या जागेत होता. लाख्याला कोठ्यात नेलं नाही, पळसाखाली बांधलं, आणि स्वतः त्याच्या उजव्या अंगाला पोतं टाकून बसला. तिथेच भाकर खायची, तिथेच आडवं व्हायचं. लाख्या त्याच्या हातून खाऊ लागला. प्रियंकाचा फोन आला.

"बाबा, आवाज काहून असा येते तुमचा? जेवले का?"

"जेवलो."

"एकटे पडले तुम्ही तिथं. दिवाळीले घ्यायले येतो आम्ही."

"एकटा नाई बेटा," उकंडा म्हणाला, आणि पुढे काही न बोलता फोन ठेवला.

६

चौथ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. माती वाफशावर आलेली. आज डवरलं नाही तर पऱ्हाटी तणात जाईल हे त्याला दिसत होतं. पोळा आठ दिवसांवर होता, त्यानंतर झाडं पसरली की डवरा घालता येत नाही. बसून बसून लाख्याला कुठवर सांभाळणार, आणि माणसाने हात हलवले नाहीत तर त्याचं डोकं कुठे जातं हेही त्याला कळत होतं.

डवरा धुऱ्याला टेकवून ठेवला होता. उकंडाने तो तासाच्या, पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या पट्ट्याच्या, तोंडाशी आणला, आडवा टाकला. लाख्याला आणलं. त्याचा बेत साधा होता. जुवाचं डावं टोक लाख्याच्या मानेवर, उजवं टोक आपण हाताने उचलून धरायचं, आणि रिकाम्या डवऱ्यानिशी एका तासाच्या टोकापर्यंत नुसतं चालून पाहायचं. बैलाला जुवाची सवय राहील.

त्याने जू लाख्याच्या मानेवर ठेवलं, मानेच्या दोन्ही अंगांच्या खुंट्या, शिवळा, घातल्या, आणि उजवं टोक धरायला लाख्याच्या पुढून वळसा घेतला. चार पावलांचा वळसा. एवढ्यात ते टोक खाली मातीत टेकायला पाहिजे होतं. जड बाभळीचं जू होतं ते.

ते टेकलं नव्हतं. सरळ होतं. लाख्याच्या मानेच्या रेषेत, हवेत, थोडं वरखाली होत. जशी बैलाच्या श्वासाने मान हलते तसं.

लाख्याच्या चारी पायांना कापरं भरलं होतं. त्याच्या पोटाखाली मूत गळत होतं.

उकंडाला पळावंसं वाटलं. मागे मोकळं वावर होतं, धुरा होता, गावाची वाट होती. तो पळाला असता तर लाख्या तसाच राहिला असता, मान जखडलेली, शेजारी ते. चांद्या अकरा दिवस मरत होता तेव्हा उकंडा त्याच्याजवळ बसून होता, पण करण्यासारखं हातात काही नव्हतं. आज होतं.

"सरक," तो म्हणाला. आवाज त्याला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "माह्या बैलाजवळून सरक."

आणि वाकून त्याने मान त्या टोकाखाली घातली.

जू क्षणभर तसंच राहिलं. मग त्याचं सगळं वजन हळूहळू त्याच्या खांद्यावर आलं, जसं कुणी जपून काढून घ्यावं आणि दुसऱ्याच्या हवाली करावं. लाख्याचं कापरं थांबलं. त्याने मान वळवून उकंडाच्या दंडाला नाक लावलं. गरम, ओलं नाक. उकंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, असं त्याला वाटलं.

त्याने एक पाऊल टाकलं. लाख्यानेही टाकलं.

मागे डवरा मातीत आडवा पडला होता. तो घसटत येईल असं उकंडाने धरलं होतं. घसटल्याचा आवाज आला नाही. त्याऐवजी लाकूड उभं झाल्याचा आवाज आला, आणि मग डवऱ्याचा पास, लोखंडी पातं, मातीत शिरल्याचा. खोल, नेटका. मागून रुमण्याच्या मुठीवर हात दाबून धरल्याशिवाय पास इतका खोल जात नाही.

उकंडा थांबला. मान वळवायला गेला, पण आता त्याच्या मानेच्या दोन्ही अंगांनाही शिवळा होत्या, त्याने न घातलेल्या, आणि मान वळत नव्हती.

मागून जीभ टाळ्याला लावून केलेला आवाज आला. च्च, च्च. बैलाला चाल म्हणतात तो.

लाख्या चालायला लागला. उकंडा पाय रोवून उभा राहिला, तेव्हा त्याच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, तुतारीचं, बैल हाकायच्या काठीचं, टोक टेकलं. टोचलं नाही. नुसतं टेकलं. आपल्या आवडत्या बैलाला आपण स्वतः टेकवतो तसं, मायेने, आठवण दिल्यासारखं.

तो चालला.

तासाचं टोक आलं तेव्हा कुणी वळ म्हटलं नाही. तरी तो वळला.

७

कौसल्या धुऱ्यावर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. उकंडा पळसाखाली बसलेला होता, मातीने माखलेला. सदऱ्याचा उजवा खांदा फाटून आतली कातडी सोललेली. लाख्या त्याच्या बाजूला पसरून बसला होता, अंग सैल सोडून, आणि रवंथ करत होता. डोळे अर्धे मिटलेले. पुढे वावर दिसत होतं. सगळंच्या सगळं डवरून झालेलं, तास सुतासारखे सरळ, कुठे एक झाड मोडलेलं नाही. उकंडाला स्वतःला इतकं सरळ डवरणं कधी जमलं नव्हतं.

"झालं का हो डवरणं?" तिने विचारलं.

"झालं."

"बरं झालं. लाख्याबी आज तरतरीत दिसते." ती दगडाजवळ उभी राहिली. पुडी ठेवली, पण नेहमीसारखी मागे सरली नाही. "मी वरतून पाहून राह्यलती. दुपारपासून. जोडी चांगली चालते."

उकंडाने फाटलेला सदरा खांद्यावर ओढला.

"दुसरा कोनाचा आनला? वयाचा दिसते जरा. पन पायाले पाय देऊन चालला बिचारा. कुठं अडला नाई."

"बस ना बाई जराशी," उकंडा म्हणाला. "इकडं ये. बस."

"बकऱ्या हायत माह्या." ती नदीकडे पाहू लागली, मग पुन्हा त्याच्याकडे. "म्या तुम्हाले हाका मारल्या दोनदा. डवऱ्यामांगं जो होता त्याले. मले वाटलं तुम्हीच. त्यानं मान नाई उचलली. मंग म्हटलं, हा तं उंच हाय, उकंडाभाऊ एवढे उंच नाईत. मजूर लावला का?"

लाख्याचं रवंथ चालू होतं. त्या सगळ्या वावरात तेवढाच आवाज होता.

"तुम्ही तं दिसलेच नाई कुठं," कौसल्या म्हणाली. "कुठं होते तुम्ही दिवसभर?"

उकंडाने तोंड उघडलं.

"इथंच होतो," तो म्हणाला.